अब्दुस्समदच्या निळ्या खुणा

दिघीच्या जेटीवर अब्दुस्समदला "कुठे निघालात?" असं विचारून उपयोग नसे. खाली हरिहरेश्वराकडे जायचं असलं की तो मुरुडचं नाव सांगे. खरोखर मुरुडकडे जायचं असलं की इंजिन रुसलंय म्हणून कपाळाला हात लावून बसे, ते बाकीच्या बोटी दिसेनाशा होईपर्यंत. आता, मासा कुठे लागतो हे बोटीचा कुठलाच तांडेल दुसऱ्याला सांगत नाही. त्या धंद्यात तेवढी लपवाछपवी सगळेच करतात. पण अब्दुस्समदचं तेवढ्यावर भागत नसे. बायको होती तेव्हा तिनं चहात साखर जरा जास्त घातली तरी हा कप खाली ठेवून विचारी, "काय पायजेल हाय तुला?" मशिदीबाहेर कुणी दोनदा सलाम केला तर घरी येईपर्यंत हा दुसऱ्या सलामाचं कारण शोधत राही. त्याच्या घराला कुलपं तीन होती, आणि तिन्हींच्या चाव्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून तो कधी कधी स्वतःच ओट्यावर अडकून पडे.

हा स्वभाव त्यानं कुवेतहून आणला असं लोक म्हणत. बाविसाव्या वर्षी तो तिकडे गेला आणि बंदरातल्या टग बोटीवर त्यानं एकोणीस वर्षं काढली. दोन वर्षांतून एकदा घरी यायचं, तेही चाळीस दिवसांसाठी. त्याची मुलगी तैयबा लहानपणी त्याला "कुवेतवाले अब्बा" म्हणे, जसं काही घरात दुसरेही अब्बा होते. हे ऐकून पाहुणे हसत. अब्दुस्समदच्या काळजात मात्र ते रुतून बसलं होतं. माघारी आला तो दोन गोष्टी ठरवूनच. एक, बापाच्या खुणांवर मासेमारी करायची. दोन, तैयबाचा नवरा आखातात जाणारा नसेल.

खुणा म्हणजे समुद्रातल्या जागा. वरून सगळं पाणी सारखंच, पण खाली कुठे खडक असतो, कुठे बुडालेलं गलबत असतं, आणि मासा तिथे थारा धरतो. अब्दुस्समदच्या बापाला अशा एकतीस जागा ठाऊक होत्या. मशिदीचा मिनार डोंगराच्या अमुक खाचेत आला की थांब, असं करत करत त्यानं त्या मुलाला तोंडी दिल्या. त्या एकतीस जागांवर अब्दुस्समदची बोट चालली, घर चाललं, तैयबाचं लग्न झालं.

लग्न झालं तेही जवळच. त्याच्या बहिणीचा मुलगा तबरेज तेव्हा पासपोर्ट काढून बसला होता. चुलतभाऊ दोह्याला होता, तो बोलावणार होता. अब्दुस्समद बहिणीच्या घरी गेला आणि सरळ म्हणाला, "पासपोर्ट ठेव पेटीत. माज्या बोटीवर ये. तैयबा तुला देतो." तबरेज पेटी बंद करून बोटीवर आला. त्याला अकरा वर्षं झाली. त्यांची अनम आता सात वर्षांची होती आणि बापाला नुसतं अब्बा म्हणत होती. ते ऐकलं की अब्दुस्समदला फार बरं वाटे. अर्थात, ते तो कुणाला दाखवत नसे.

एवढं असून खुणा त्यानं तबरेजला दिल्या नव्हत्या. जावई झाला, भाचा झाला, तरी माणूसच तो.

चार वर्षांपूर्वी त्यानं बोटीवर टॅब घेतला. आता सगळ्यांच्याच केबिनमध्ये असतो तसा, प्लास्टिकच्या डब्यात बसवलेला, त्यात समुद्राच्या नकाशाचं अॅप. एकदा जागा त्यात टाकली की मिनार आणि डोंगर बघायचं काम नाही, धुक्यातही बोट नेमकी तिथे जाते. अब्दुस्समदचं वय साठीला टेकलं होतं, लांबचा मिनार पहिल्यासारखा दिसत नव्हता. म्हणून नाइलाजानं त्यानं एकतीसच्या एकतीस खुणा स्वतः बोटानं त्यात भरल्या. भरून झाल्या आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. ह्या तर आता चव्हाट्यावर आल्या! पांढऱ्या पाण्यावर लालभडक ठिपके. केबिनमध्ये डोकावणारा कुठलाही खलाशी बघून ठेवणार आणि उद्या दुसऱ्या बोटीवर गेला की तिथे ओकणार.

तो टॅब घेऊन बोर्ली पंचतनला गेला. तिथल्या बाजारात फैझानचं दुकान आहे. पोट भरायला तो मोबाईलच्या काचा बदलतो, पण त्याचा खरा नाद वेगळाच. अॅप कुठलंही असो, त्याचे रंग ज्याच्या त्याच्या डोळ्याला मानवतील असे लावून देतो. पोस्टातल्या क्रांतीताईंचं डोकं दुखायचं, त्यांना त्यानं करड्यावर पिवळसर अक्षरं करून दिली. बोटवाल्यांना तर तो दिवसाची थीम वेगळी आणि संध्याकाळची वेगळी अशी जोडीच देई. पाणी, जमीन, खोलीच्या रेषा, खुणा, अक्षरं, प्रत्येकाचा रंग पट्टी सरकवून हवा तसा लावायचा आणि त्या संचाला नाव देऊन ठेवायचं. जेटीवरच्या निम्म्या थीम त्याच्या हातच्या होत्या.

"पांढरं नको," अब्दुस्समद म्हणाला. "डोळ्यात खुपतंय. पानी काळं कर."

फैझाननं पाणी काळं केलं.

"आता खुणा. तांबड्या नकोत, निळ्या कर."

फैझाननं आकाशी रंग लावला. "गडद," अब्दुस्समद म्हणाला. पट्टी सरकली. "अजून. अजून." मग त्यानं काचेला नाक लावून पाहिलं, मागे सरून पाहिलं, पुन्हा पुढे होऊन पाहिलं. काळ्या पाण्यात खुणा बुडून गेल्या होत्या. कुठे काय आहे हे पाठ होतं म्हणून त्याला तेवढं कळत होतं, नाहीतर नुसता अंधार. "बस. हाच ठेव."

हे सगळं कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही. सांगणारा असता तर तो अब्दुस्समद कसला? फैझान आपला कौतुकानं म्हणाला, "छान दिसतोय हा निळा, चाचा." अब्दुस्समद मनात हसला. दुकानदार तो, गिऱ्हाइकाला छान म्हणणारच. दिसतोय म्हणे! थीमला नाव काय द्यायचं असं विचारल्यावर त्यानं "जुनी" असं द्यायला लावलं, म्हणजे कुणी त्या वाटेला जाऊ नये. आणि दुसरीकडे कुठे प्रत ठेवणार नाही, अशी फैझानकडून कसम घेतली.

पहिल्याच फेरीला त्यानं टॅब मुद्दाम उघडा ठेवला. खलाशी केबिनमध्ये आले, पडद्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवून निघून गेले. अब्दुस्समद खूश! काही दिसतच नाही तर बघतील काय बिचारे. पुढे पुढे तर त्याला स्वतःलाही खुणा दिसेनाशा झाल्या, नुसत्या पाठांतरानं तो पडद्यावर बोट टेकवी. त्याचाही त्याला अभिमान वाटे. मालकालाच दिसत नाहीत, म्हणजे काम किती पक्कं, बघा.

या वर्षी तैयबानं त्याला जवळजवळ ओढतच माणगावला नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. डॉक्टर म्हणाले, आधी उजवा करू, डावा तीन महिन्यांनी. एकदम दोन्ही का नाही, यात अब्दुस्समदला पाणी मुरताना दिसलं, पण तैयबानं डोळे वटारले म्हणून तो गप्प बसला. ऑपरेशन झालं. तीन आठवडे पाण्यावर जायचं नाही, काळा चष्मा लावायचा, दिवसातून चार वेळा थेंब. घरी आल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा, "चादर नवी घेतलीस? आनि मला सांगितलंबी न्हाय?" चादर तीच होती. तैयबानं नाद सोडला.

तीन आठवडे बोट तबरेजनं नेली, सगळेच जातात त्या पाण्यावर. टॅब त्याच्याच हाती होता, पण अब्दुस्समद निश्चिंत होता. घोर लागला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तिसऱ्या आठवड्यात रामचंद्रच्या बोटीला चांगल्या तीन घोळी लागल्या, सोन्याच्या भावानं जाणारा मासा. रामचंद्र हा शेजारच्या धक्क्यावरचा तांडेल, आणि त्याला कधी बोंबलाच्या पलीकडे फारसं काही मिळाल्याचं अब्दुस्समदला आठवत नव्हतं. त्यातच कुणीतरी सांगितलं की तबरेज त्याच्याबरोबर चहा पीत उभा होता. चहा! संशयाचं भूत मानगुटीवर बसायला एवढं पुरेसं होतं.

बाविसाव्या दिवशी सकाळी बोट लागली तशी तो जेटीवर गेला, केबिनमध्ये शिरला, काळा चष्मा काढला आणि टॅब चालू केला.

खुणा चमकत होत्या. एकतीसच्या एकतीस. काळ्या पाण्यावर शाईसारख्या निळ्या, ठसठशीत, दारातून मोजता येतील अशा.  चार वर्षं जे झाकून ठेवलं ते कुणीतरी उघडं करून ठेवलं होतं. कुणीतरी कशाला? तीन आठवडे टॅब कुणाकडे होता?

तो बाहेर आला. खलाशी जाळं उतरवत होते, बर्फाची गाडी उभी होती, मासे घ्यायला आलेल्या बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्या सगळ्यांसमोर तो ओरडला, "तबरेज! रंग बदललास तू. माज्या बापाच्या खुणा उघड्या केल्यास आनि रामचंद्रला दिल्यास."

तबरेज जाळ्यातून हात काढून उभा राहिला. "मामू, मी कायबी बदललं न्हाय."

"मग आपोआप उजाळल्या त्या?"

"मला न्हाय माहीत. मी हात लावला न्हाय."

"अकरा वर्सं माज्या ताटात जेवलास आनि..." पुढचं जे तो बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायकासुद्धा खाली बघू लागल्या. तबरेजनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं समुद्राच्या पाण्यात हात धुतले, चपला पायात घातल्या आणि तो चालू लागला. तो गेल्यावर दादू नावाचा जुना खलाशी काहीतरी सांगायला पुढे आला, तर अब्दुस्समदनं त्यालाही झटकून टाकलं. दादूही त्यांच्यातलाच नसेल कशावरून?

तबरेजनं पेटीतून पासपोर्ट काढला, मुदत संपली होती म्हणून तातडीनं नवा करून घेतला. दोह्याच्या चुलतभावाला फोन केला. तिकडे जागा रिकामीच होती, दोन आठवड्यांत व्हिसा आला आणि गुरुवारचं विमान ठरलं. अब्दुस्समदला हे कळलं तेव्हा त्याचा जीव खालीवर झाला. तैयबाचा नवरा आखातात चालला होता. जे होऊ नये म्हणून त्यानं सगळा डाव मांडला होता, तेच होत होतं. पण लगेच दुसऱ्या मनानं त्याला समजावलं, चोर पळतोय, पळू दे.

सोमवारी सकाळी तैयबा आली. बसली नाही. "अब्बा, तुमी फैझानकडं जा," ती म्हणाली. "त्याला बघता येतं, कुनी काय बदललं ते. माज्या नवऱ्यानं केलं असेल तर मी सोता त्याला विमानात बसवून येईन, परत नाव घेनार न्हाय. आनि केलं नसेल तर तुमी काय करनार, ते जाता जाता ठरवा." थेंबांची बाटली तिनं त्याच्या खिशात कोंबली. "अकरा वाजता थेंब घाला."

पुरावा हातात येणार म्हणून अब्दुस्समद तरातरा निघाला.

फैझाननं टॅब उघडला, दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि म्हणाला, "चाचा, या थीमला तुमच्यानंतर कुणी हात लावला नाही. शेवटचा बदल चार वर्षांपूर्वीचा. ही बघा तारीख. आपण इथेच बसलो होतो."

"तारीख बदलता येत असेल."

"येत नाही."

"तुला येत असेल."

फैझाननं त्याच्याकडे पाहिलं आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. अब्दुस्समद स्टुलावर बसून राहिला. हाही सामील. तबरेज, रामचंद्र, दादू आणि आता हा. किती लोकांनी मिळून आपल्याला फसवलं याची तो मनात यादी करू लागला, तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजलेले दिसले. त्यानं बाटली काढली, मान मागे टाकली, उजव्या डोळ्यात दोन थेंब सोडले आणि डोळा मिटून, वर रुमाल दाबून तो बसला. समोर काउंटरवर टॅब उघडाच होता. डाव्या डोळ्यानं त्यानं सहज तिकडे पाहिलं.

पडदा काळा होता. एकही खूण नाही.

त्यानं फैझानकडे पाहिलं. फैझान पाठमोरा होता, टॅबपासून दोन हात लांब. अब्दुस्समदनं रुमाल काढला, उजवा डोळा उघडला. थेंबांमुळे पाणी येत होतं, तरी खुणा दिसल्या, निळ्याशार, जागच्या जागी. उजवा मिटला, गेल्या. उघडला, आल्या. असं त्यानं किती वेळा केलं कोण जाणे. म्हातारा डोळे मारतोय म्हणून दुसरं गिऱ्हाईक हसू लागलं.

"फैझान," त्यानं हाक मारली. "ह्या खुणा तुला दिसतात?"

"दिसतात की."

"कवापास्नं?"

"पहिल्या दिवसापासून, चाचा. मी नव्हतो का म्हणालो, छान दिसतोय म्हणून?"

अब्दुस्समदनं टॅब जवळ ओढला. म्हणजे रंग कधी लपलाच नव्हता. त्याच्याच डोळ्यांवर पिवळा पडदा आला होता, आणि त्याला जे दिसत नव्हतं ते जगाला दिसत नाही असं समजून तो चार वर्षं मिशीला पीळ देत बसला होता. चार वर्षं टॅब उघडा होता. चार वर्षांत दहा-बारा खलाशी बोटीवर आले, काही सोडून दुसऱ्यांच्या बोटींवर गेले. सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं. त्याला भीती वाटली ती चोरीची नव्हे. इतक्या जणांनी पाहून एकानंही त्या जागांवर जाळं टाकलं नव्हतं, हे कसं, ते त्याला काही केल्या समजेना.

तो थेट जेटीवर गेला. दादू सावलीत जाळं शिवत होता.

"दादू, टॅबवरच्या खुणा तुला दिसायच्या?"

दादूनं सुई थांबवली. "दिसायच्या."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. त्यात काय, निळे ठिपके." दादू जरा घुटमळला. "तबरेजनं पयल्याच दिवशी आमाला बाजूला घेतलं. बोलला, मामू टॅब उघडा ठेवून गालात हसतायत, त्यांना वाटतंय खुणा झाकल्यात. कुनी त्यांना सांगू नका आनि कुनी तिकडं बगू नका. बोटीवर नवा मानूस आला की तबरेज त्याला आधी हेच सांगायचा. आमी केबिनमधी शिरलो की दुसरीकडं तोंड करायचो. तुमाला सांगायला आलेलो मी त्या दिवशी."

"आनि रामचंद्रच्या घोळी?"

"त्या त्याला पार नागावच्या समोर लागल्या. आपल्या खुणा हितं, त्या तिकडं."

अब्दुस्समद वाळत घातलेल्या जाळ्यावरच बसला. मग उठला. टोपल्यावाल्या बायका त्या दिवशी होत्या तशाच बसलेल्या होत्या, बर्फाची गाडी होती, दोन-तीन बोटींचे लोक होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मनातली गोष्ट चारचौघांत मोठ्यानं सांगितली. "तबरेजनं काय केलं न्हाय. माजा डोळा खराब होता. मी त्याच्यावर आळ घेतला." एवढं बोलून त्याला इतकी लाज वाटली की कुणी काही म्हणायच्या आत तो टॅब घेऊन बहिणीच्या घराकडे निघाला.

तबरेज खाटेवर बसून सामानाला दोरी बांधत होता. तैयबा शर्टाच्या घड्या घालत होती. अब्दुस्समद दारातच उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. डोळ्याचं, फैझानचं, दादूचं. मधे एकदा त्याला रडू फुटलं, ते त्यानं लपवलं नाही. "जाऊ नको," तो म्हणाला. "बोट तुजी हाय. पाया पडतो तुज्या."

तबरेज पटकन उठला आणि त्यानं मामूचे हात धरले. "असं नका बोलू, मामू. तुमी आलात, माज्या मनात आता काय न्हाय. खरंच काय न्हाय. पन व्हिसा लागलाय, चुलतभावानं शब्द टाकलाय. दोन वर्सं करून येतो."

दोन वर्षं म्हणजे किती, हे अब्दुस्समदइतकं त्या घरात कुणाला ठाऊक होतं? त्यानं टॅब पुढे केला. "मग ह्या घे. एकतीसच्या एकतीस तुज्या फोनमधी घे. तू येशील तवा मी असेन, नसेन. तुजा हक्क हाय."

तबरेजनं टॅब हातात घेतला. काचेवर मिठाचा थर आला होता, तो बाहीनं पुसला. थोडा वेळ त्यानं त्या निळ्या ठिपक्यांकडे पाहिलं, चार वर्षांत पहिल्यांदाच उघडपणे. मग टॅब परत दिला.

"नको, मामू. माज्याकडं असल्या की कुनाची बोट भरून आली तर तुमाला झोप लागायची न्हाय. माज्याकडं नसल्या तर तुमी तरी निवांत ऱ्हाल."

असं होणार नाही, अल्लाची कसम, असं म्हणायला अब्दुस्समदनं तोंड उघडलं. घडी घालता घालता तैयबा थांबली आणि बापाकडे बघू लागली. ती बघत होती, तबरेज बघत होता. अब्दुस्समद टॅब छातीशी धरून उभा राहिला. कसम काही त्याला घेता आली नाही.